अकरा वाजेपर्यंत मळ्यात

आनंद यादवांच्या ‘झोंबी’ या आत्मचरित्रात्मक कादंबरीत कागलचा एक शेतकरी बाप आणि त्याचा मुलगा आनंदा यांच्यात एक तोंडी करार होतो. दिवस उगवताच मळ्यात हजर व्हायचं. अकरा वाजेपर्यंत तिथलं काम करायचं. दप्तर सकाळीच बरोबर न्यायचं आणि मळ्यातूनच परस्पर शाळा गाठायची. शाळा सुटली की दप्तर घरात टाकून पुन्हा मळ्यात यायचं, तासभर गुरं चारायची. आणि मळ्यात काम जास्त निघालं, तर त्या दिवशी शाळा नाही. पोरगा प्रत्येक अटीला हो म्हणतो. त्याला शाळा हवी असते आणि ती याच भावात मिळणार असते.

मुलाचं शिक्षण कसं हुकतं, हे मराठी कथा-कादंबऱ्यांनी पुष्कळदा सांगितलं आहे. बरेचदा ते एकाच प्रसंगात उरकलेलं असतं. बाप दप्तर भिरकावतो, आई पदर डोळ्याला लावते, पोरगं रानात पळून जातं आणि वाचणाऱ्याचा गळा दाटून येतो. ‘झोंबी’ मला मोठी वाटते ती त्या करारामुळे. तिथे शाळा भिरकावून दिलेली नाही, तिची वाटणी केलेली आहे: अकरापर्यंत मळ्याची, अकरानंतर मास्तरची, पाचनंतर गुरांची. मूल शाळेच्या पटावर असतं, वर्गातही असतं, आणि तरी त्याच्या दिवसाचा मालक दुसराच कुणी असतो. शिक्षणापासून तुटणं आपल्याकडे बहुतेक वेळा असंच झालं आहे आणि आजही असंच होतं.

करार होण्याआधी काय घडलं, तेही बारकाईनं पाहण्यासारखं आहे. आनंदाला शाळेतून काढलेलं असतं. पोराला पुन्हा शाळेत घालायचं तर नवऱ्यापुढे आपलं काही चालणार नाही, हे आईला पक्कं ठाऊक असतं. म्हणून मायलेक रात्री गावातल्या दत्ताजीराव देसायांकडे जातात. बापाला त्यांचा धाक असतो. आम्ही येऊन गेलो हे कळू देऊ नका, असंही ती बाई सांगून येते. मग देसाई बापाला बोलावून घेतात, खडसावतात आणि गाडी हलते. म्हणजे एका मुलाला पाचवीच्या बाकावर परत बसवायला आईचं धाडस लागलं, एक खोटं लागलं आणि गावातल्या सर्वांत वजनदार माणसाचा शब्द लागला.

याहून मोलाचा तपशील मात्र गुऱ्हाळाचा आहे. त्या भागातले बाकीचे शेतकरी ऊस रानात जास्त दिवस उभा ठेवत. उशिरापर्यंत राहिलेल्या उसाच्या रसात पाणी कमी असतं, रस घट्ट असतो आणि गूळ जास्त पडतो. आनंदाच्या बापाचं गणित वेगळं होतं. सगळ्यांचा गूळ बाजारात आला की भाव उतरतो, म्हणून आपलं गुऱ्हाळ गावात सगळ्यांच्या आधी लावायचं. त्यामुळे या घरचा ऊस लवकर संपतो, काम थोडं हलकं होतं, आणि तेव्हाच पोराला शाळेचा विषय काढायला फट सापडते. बाप गूळ महिनाभर उशिरा करणारा असता, तर ती फट त्या वर्षी सापडलीही नसती. त्या पोराची पाचवी गुळाच्या भावावर टांगलेली होती.

पुढे जे होतं ते बहुतेकांना माहीत आहे. आपल्याहून लहान मुलांमध्ये तो पुन्हा पाचवीत बसतो. कपड्यांवरून त्याची टिंगल होते. वर्गातल्या वसंत पाटील नावाच्या हुशार मुलाकडे बघत बघत त्याचं गणित सुधारतं. सौंदलगेकर मास्तर कविता चालीवर म्हणून दाखवतात आणि या पोराला कवितेचं वेड लागतं. गुरं राखताना कागद नसला, तर तो काठीनं म्हशीच्या पाठीवर ओळी लिहितो. कादंबरी १९८७ साली आली, १९९० साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि तिचा एक भाग हिंदीत होऊन देशभरच्या बारावीच्या मुलांच्या हातात गेला.

आणि इथेच आपल्या वाचण्यात एक मोठी चूक होते. ‘झोंबी’ वाचून झाली की आपण म्हणतो, जिद्द असली की परिस्थिती आड येत नाही. कादंबरीत लिहिलेलं याच्या उलट आहे. आई घाबरली असती तर? देसाई त्या रात्री गावात नसते तर? मराठीला दुसरा कुणी मास्तर असता तर? गुऱ्हाळ लांबलं असतं तर? यातली एक गोष्ट चुकली असती, तरी तोच जिद्दी मुलगा जन्मभर पाटाचं पाणी वळवत राहिला असता आणि त्याची जिद्द कुणाला कळलीही नसती. त्याच वर्षी त्याच शिवारात गुरांमागे असलेल्या बाकीच्या पोरांना कविता सुचत नव्हत्या. तीही शाळेची तेवढीच हक्कदार होती. हुशार मुलाची शाळा सुटली की कादंबरी होते. मध्यम मुलाची सुटते तेव्हा त्याला एक मजूर मिळाला म्हणतात. आपल्या साहित्यानं हा मध्यम मुलगा फार कमी वेळा नायक केला, ही माझी जुनी तक्रार आहे.

शंभर वर्षं मागं गेलं तर जोतीराव फुल्यांचं ‘तृतीय रत्न’ सापडतं. नाटक १८५५ चं. पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलं होतं, तिथे ते नाकारलं गेलं, आणि छापून वाचकांच्या हाती यायला १९७९ साल उजाडलं. त्यात एक कुणबी आहे आणि त्याची गरोदर बायको आहे. जोशी दारात येतो, पोटातल्या मुलावर ग्रह वाकडा असल्याचं सांगतो आणि त्या भीतीच्या जोरावर दोघांकडून एकेक खर्च काढत जातो. दान, अनुष्ठान, ब्राह्मणभोजन, त्यासाठी कर्ज. शेवटी दोघंही ठरवतात की फुल्यांनी मोठ्या माणसांसाठी काढलेल्या रात्रीच्या शाळेत जायचं.

शिक्षण नसल्यानं मुलाचं नुकसान होतं, असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर सात-आठ वर्षांचं मूल असतं. फुल्यांनी ते नुकसान जन्माच्या आधीच दाखवलं. पंचांग आईबापांना वाचता येत नाही, कर्जाचा कागद वाचता येत नाही, आणि त्या न वाचलेल्या कागदावर पोटातलं मूल आधीच देणेकरी झालेलं आहे. पुढे १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी किमान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. त्या मागणीची मुळं या नाटकात दिसतात. सक्ती हा शब्द आज कानाला कठोर वाटतो. पण ज्या घरात मुलाचा प्रत्येक तास कुणाचा तरी आहे, त्या घरात नुसती सवलत देऊन भागत नाही, हे त्यांना कळलेलं होतं. कागलच्याच घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर गेलेल्या शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला, तोही याच समजुतीतून.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ ची. औंध संस्थानातली माणदेशी धनगरांची वाडी, ओस पडलेली शाळा आणि नव्यानं नेमलेला तरणा मास्तर. पोरं शाळेत आली तर मेंढरांमागं कोण जाणार, हा वाडीचा पहिला प्रश्न असतो. तो सोडवायला मास्तरला कारभाऱ्याचा हात धरावा लागतो. म्हातारा राजी झाल्यावर पोरं येऊ लागतात. कागलला जे काम देसायांनी केलं, ते इथे कारभारी करतो.

या कादंबरीत एक गोष्ट माडगूळकर हळूच करून जातात. पोरांना अक्षरं येण्याच्या आधीच मास्तर अख्ख्या वाडीची अक्षरं होतो. कुणाचं पत्र लिहून दे, कुणाचं आलेलं वाचून दाखव, तालुक्याच्या गावाहून एवढं काम करून ये. वाडीत वाचणारा माणूस एकच असला की काय होतं, ते यातून दिसतं. मास्तर भला निघाला म्हणून वाडीचं बरं झालं. तो लबाड असता तर? ‘तृतीय रत्ना’तला जोशीही गावासाठी वाचणारा एकटाच माणूस होता.

मग दुष्काळ पडतो. मेंढरं मरतात आणि माणसं जगायला बाहेर पडतात. ज्या लोकांनी मोठ्या हौसेनं तालीम बांधली, ज्यांनी मास्तरला आपला मानला, त्यांनाच वाडी सोडावी लागते. शाळेवर कुणाचा राग नसतो, कुणी पोराला शाळेतून काढत नाही. चारा संपतो, पाणी संपतं आणि त्याबरोबर शाळाही संपते. शाळा ओस पडली की आपण पालकांच्या अनास्थेविषयी बोलायला लागतो. ‘बनगरवाडी’ वाचलेल्या माणसानं ते बोलण्याआधी विहिरीत डोकावून यावं.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ या चित्रपटात शाळा आणि काम यांच्यातली भिंत शब्दशः उभी आहे. जब्या शाळेत जाणारा मुलगा आहे. त्याच्या कैकाडी कुटुंबाला गावातली डुकरं पकडायचं काम मिळतं आणि ते काम थेट शाळेच्या शेजारी येतं. ज्यांच्या बरोबर तो बाकावर बसतो, तीच पोरं भिंतीपलीकडून त्याच्याकडे बघून हसतात. शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, सगळं घर डुकरामागं धावता धावता जागच्या जागी ताठ उभं राहतं, आणि डुक्कर निसटून जातं. जब्याच्या दिवसाचे तास गरिबीही मागते आणि जातही मागते. अशा मुलानं शाळा सोडली, तर हजेरीपटावर लिहिलं जाईल ‘सतत गैरहजर’. कारणाचा रकाना असला, तरी त्यात मावेल असं हे कारण नाही.

आता पुन्हा उसाकडे येतो. कागलच्या त्या मळ्यातला ऊस गुऱ्हाळात जात होता, आता तो साखर कारखान्यात जातो. तोडायला माणसं येतात ती बीडच्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून, पाथर्डीकडून, आणि मराठवाड्याच्या इतर कोरडवाहू पट्ट्यांतून. त्यांच्याबरोबर त्यांची मुलं येतात. ‘झोंबी’तल्या त्या कराराची आजची प्रत वाचायची असेल, तर ती या मुलांच्या वर्षात वाचावी.

दसरा झाला की मुकादमाची, म्हणजे टोळ्या जमवणाऱ्या कंत्राटदाराची, माणसं फिरायला लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. पावसाळ्यात, घरात पैशाची सर्वांत जास्त चणचण असते तेव्हा, कोयत्याला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिली जाते. आजकाल ती लाखाच्या आसपास, कधी त्याच्याही वर असते. ही उचल ऊस तोडून फेडायची. दिवाळीच्या आगेमागे ट्रक भरतात: भांडी, सरपण, शेळ्या, कोंबड्या, म्हातारी माणसं, लेकरं. कारखान्याच्या भागात पोचल्यावर मोकळ्या रानात कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात. पहाटे अंधारातच टोळी फडात, म्हणजे तोडायच्या उसात, शिरते. तोडलेला ऊस साळायचा, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून वाहून गाडी भरायची. गाडी रात्री उशिरा आली तर रात्री भरायची. एखाद्या दिवशी कामाला गेलं नाही की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो.

आता यासमोर शाळेचं वर्ष ठेवा. शाळा जूनच्या मध्याला सुरू होते. दिवाळीआधी मूल निघून गेलं, तर रविवार, सण आणि सुट्ट्या वजा जाता त्याच्या वाट्याला शंभराच्या आत शाळेचे दिवस येतात. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरली पाहिजे, असं सांगितलं आहे. म्हणजे दरवर्षी अर्ध्याहून जास्त वर्ष जातं. आठवीपर्यंत दर हंगामाला हेच झालं, तर आठ वर्षांच्या शाळेतली चार वर्षंही पदरात पडत नाहीत.

आणि हे अर्धं वर्ष कुठलंही अर्धं नसतं. नेहमी तेच असतं. जूनपासूनचे पहिले आठवडे मागच्या इयत्तेच्या उजळणीत जातात. नवा भाग रंगात येतो तेव्हा ट्रक निघतो. गणितात बेरीज-वजाबाकी आधी येते, गुणाकार-भागाकार मागून येतो, अपूर्णांक त्याहून मागून. त्यामुळे या मुलांच्या वहीत एक ठरावीक चित्र दिसतं: अक्षर वळणदार, फळ्यावरचं उतरवून घ्यायला पटाईत, हातच्याची बेरीज जमते, आणि भागाकार आला की पेन्सिल थांबते. वाचनात जोडाक्षरांपाशी हेच होतं. ‘कमळ’ वाचतं, ‘प्रश्न’ वाचताना अडखळतं. तिसरीतला भागाकार हुकला की पाचवीतला अपूर्णांक कळत नाही, अपूर्णांक कळला नाही की पुढची शेकडेवारी कळत नाही. मूल एप्रिलमध्ये परत येतं, संकलित मूल्यमापनाला बसतं, बहुतेक वेळा पुढच्या वर्गात जातं. पुढच्या जूनमध्ये मास्तर त्याला त्या वर्गाचं पुस्तक देतात. ते पुस्तक वाचण्यासाठी लागणारी मधली पायरी त्यानं पाहिलेलीच नसते. मुलाला आपण ‘ढ’ आहोत असं वाटायला लागतं, आणि एकदा ते वाटलं की फडात जाणं त्याला शाळेपेक्षा सोपं वाटतं. फडात निदान त्याला काहीतरी येतं.

भागाकार हुकल्यानं काय बिघडतं, याचं उत्तर शाळेत सापडत नाही, मुकादमाच्या हिशेबाच्या वहीत सापडतं. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. समजा एका कोयत्यानं एक लाख उचल घेतली आणि दिवसाला दोन टन ऊस तोडला. दोन टनांचे ७३२ रुपये. एक लाखाला ७३२ नं भागा. १३६ पूर्ण दिवस आणि वर थोडं; म्हणजे १३७ व्या दिवशी उचल फिटली. हंगाम १५० दिवस चालला, तर उरलेल्या १३ दिवसांचे पैसे घरी न्यायचे, त्यातून खाडे वजा. १२० दिवसच चालला, तर १२,१६० रुपये, म्हणजे जवळपास १७ दिवसांचं काम, पुढच्या वर्षीच्या डोक्यावर. हा हिशेब चौथी-पाचवीच्या मुलाला जमायला हवा. वाढ ३४ टक्के, मुकादमाचं कमिशन टक्क्यांत: यासाठी शेकडेवारी हवी. वजनाची पावती वाचायला दशांश चिन्ह कळायला हवं. जे मूल नेमक्या याच पायऱ्यांच्या वेळी फडात असतं, ते मोठेपणी हीच वही दुसऱ्याकडून वाचून घेतं. फुल्यांच्या कुणब्याला पंचांग वाचता येत नव्हतं, याला पावती वाचता येत नाही. कमी कळणाऱ्याकडून पैसे कसे काढायचे, हे दोन्ही ठिकाणी समोरच्याला चांगलं कळतं.

मुलींचं तर आणखी वेगळं आहे. आठ-नऊ वर्षांची मुलगी कोपीवर राहते आणि धाकट्याला सांभाळते. ते रांगायला लागलं की तिला एक मिनिट नजर हलवता येत नाही, कारण शेजारीच चूल असते, पाट असतो, ट्रॅक्टर फिरत असतात. ती पाणी भरते, भाकरी थापते. तिचं काम कुठल्याच हिशेबात येत नाही, कारण तिनं ऊस तोडलेला नसतो. पण ती नसेल तर आई फडात जाऊ शकत नाही आणि कोयता अर्धा होतो. पुढे ती वयात आली की आईबापांना दोन्हीकडची भीती असते: कोपीवर एकटी ठेवायची भीती, आणि गावाकडे म्हाताऱ्यांजवळ ठेवायची भीती. त्यावर लग्न हा उपाय काढला जातो. लग्न झालं की एक नवा कोयता तयार होतो, त्याला स्वतंत्र उचल मिळते. अठराच्या आत लग्न का होतात, याचं हे एक रोख कारण आहे. ‘झोंबी’त शाळेसाठीची सगळी खटपट मुलासाठी आहे, ती खटपट करणारी, रात्री देसायांच्या वाड्यावर जाणारी ती आई आहे. तिच्यासाठी कुणी कुणाच्या वाड्यावर गेलं नव्हतं.

उपाय झालेच नाहीत, असं नाही. नव्वदच्या दशकात कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या. कोप्यांच्या जवळच वर्ग भरायचा, त्यामुळे मुलं यायची. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मुलानं नियमित शाळेतच शिकलं पाहिजे, या भूमिकेतून साखरशाळा मागे पडल्या. भूमिका योग्य होती. प्रत्यक्षात कोपीपासून गावातली शाळा दोन-तीन किलोमीटरवर, वाट उभ्या उसातून, आणि सहा वर्षांच्या मुलाला सोडायला कुणी मोकळं नाही. टोळी कर्नाटकात गेली तर शाळा कानडी. पंधरा-वीस दिवसांनी फड बदलला की शाळाही बदलणार.

शिक्षण हमी कार्डाची कल्पना चांगली आहे. गावच्या शिक्षकानं निघणाऱ्या मुलाचं कार्ड भरायचं, ज्या गावी जाईल तिथल्या शाळेनं ते पाहून दुसरे कागद न मागता बसवून घ्यायचं, परत आल्यावर तिथली हजेरी इकडे धरायची. अडतं ते जाण्याचं ठिकाण लिहिताना. निघताना कुटुंबाला कारखान्याचं नाव ठाऊक असतं, गावाचं नसतं. ते कारखान्याच्या शेतकी विभागाच्या तोडणी कार्यक्रमावर ठरतं. म्हणून कार्डावर नुसतं ‘कोल्हापूर जिल्हा’ लिहिलं असेल, तर ते कार्ड दप्तरातच राहतं. त्यावर मुकादमाचं नाव, टोळी ज्या गट कार्यालयाकडे जाणार ते कार्यालय आणि आईबापांचा फोन, एवढं तरी हवं. म्हणजे तिकडच्या केंद्रप्रमुखाला शोध घेता येतो.

हंगामी वसतिगृह त्याहून जास्त उपयोगी पडताना दिसतं. मूल गावातच आजी-आजोबांकडे राहतं, शाळा सुटत नाही, आणि जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होते. पण त्याचा जीव मुहूर्तात आहे. टोळ्या दसऱ्यानंतर हलतात. वसतिगृहाची मंजुरी आणि पैसे त्याआधी हातात असले, तर सरपंच-मास्तर घरोघर जाऊन सांगू शकतात की लेकराला ठेवा, सोय आहे. मंजुरी डिसेंबरात आली, तर ज्यांच्यासाठी ती होती ती मुलं फडात पोचलेली असतात. आईबाप नुसत्या आश्वासनावर मूल मागे ठेवत नाहीत, आणि ठेवूही नये. आणखी एक अडचण सहसा बोलली जात नाही. आजी सत्तरीची असते, तिला स्वतःलाच कुणीतरी बघावं लागतं. तिच्याजवळ ठेवलेली बारा वर्षांची नात प्रत्यक्षात आजीला सांभाळते. तिथे नुसत्या जेवणानं भागत नाही, रात्री राहायची सुरक्षित जागा लागते. शासनानं २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहांची योजना आणली. अशी वसतिगृहं मुलींसाठी प्रत्येक तालुक्याला पुरेशा जागांची झाली, तर बारा-तेराव्या वर्षीच्या लग्नांवर भाषणांपेक्षा जास्त परिणाम होईल, असं माझं ठाम मत आहे.

शाळेच्या पातळीवर एक गोष्ट बिनखर्चाची आहे: गेलेल्या मुलाला ‘गेलेलं’ लिहिणं. पटावर नाव आहे, पटावर शिक्षकांची पदं ठरतात, म्हणून नाव काढायला कुणी धजत नाही आणि गैरहजेरीही सैल हातानं लिहिली जाते. मग कागदावर मूल गावात असतं आणि त्याच्यासाठी कुठेच काही होत नाही. स्थलांतराची नोंद केल्यामुळे शिक्षकाचं पद जाणार नाही, एवढी हमी वरून मिळाली, तर खऱ्या याद्या आठ दिवसांत तयार होतील. गावातल्या मास्तरला प्रत्येक घर माहीत असतं.

आणि एप्रिलमध्ये मूल परत येतं तेव्हा त्याच्यापुढे आधी प्रश्नपत्रिका ठेवू नये. एका कागदावर पाच गोष्टी पाहाव्यात: जोडाक्षरांचा परिच्छेद वाचता येतो का, वाचलेलं सांगता येतं का, हातच्याची वजाबाकी, दोन अंकी संख्येनं गुणाकार, एक अंकी संख्येनं भागाकार. दहा मिनिटांचं काम आहे. मूल कुठे थांबलं ते त्यातून कळतं, आणि जूनमध्ये इयत्तेचं पुस्तक देण्याआधी तिथून सुरुवात करता येते. कायद्याच्या चौथ्या कलमात अशा मुलांना वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. ते किमान तीन महिने आणि गरज पडल्यास दोन वर्षांपर्यंत देता येतं. कधीच शाळेत न गेलेल्या किंवा शाळा सोडलेल्या मुलांसाठी ही तरतूद वापरली जाते. दर दिवाळीला जाऊन दर एप्रिलला परतणारं मूल मात्र त्या यादीत सहसा येत नाही, कारण कागदावर त्यानं शाळा सोडलेली नसते. त्याचं नाव पटावर असतं, ‘झोंबी’तल्या पोराचं होतं तसंच. त्याला या तीन महिन्यांचा हक्क मिळवून द्यायचा, तर आधी त्याला शाळाबाह्य म्हणून मोजावं लागेल.